गिअरबॉक्सशी खोटं कोण बोललं?

ऑटोमॅटिक गाडीचा गिअर स्लिप व्हायला लागला की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं: "साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." गाडी मॉडिफाय केलेली असेल तर पुढचं वाक्यही ठरलेलं: "उगाच केलंत हे सगळं." दोन्ही वाक्यं खरी असू शकतात, पण त्यातलं एकही निदान नाही. माझ्या मते अशा गाडीत "काय बिघडलं?" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, "काय बदललं, आणि ते गिअरबॉक्सला कळलंय का?"

उदाहरण म्हणून पुण्यातला माझा एक मित्र घ्या. आपल्याच धंद्यातला, कोड लिहिणारा. डिझेल फोर बाय फोर, सहा गिअरची ऑटोमॅटिक. वर्षभरात त्याने ३० इंची टायर काढून ३३ इंची बसवले, पुढे विंच आणि दिव्यांची रांग लावली, आणि इंजिनाला एक ट्यूनिंग बॉक्स जोडला. मग पावसाळ्यात माणगावकडून ताम्हिणी चढताना ऑईल तापल्याचा इशारा आला. रेस वाढतेय पण गाडी ओढत नाहीये, आणि मागे ट्रक! गॅरेजने अडीच लाखांचं कोटेशन दिलं. स्कॅनर न लावता.

आता थोडं टेक्निकल. (कंटाळा येणार नाही, प्रॉमिस.)

"स्लिप" हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तिथे शक्ती ऑईलमधून पुढे जाते, त्यामुळे लॉक-अप क्लच लागेपर्यंत इंजिन पुढे आणि टर्बाइन थोडं मागे राहणारच. ही स्लिप नॉर्मल आहे, पण तिची उष्णता ऑईलमध्ये जाते. दुसरी स्लिप गिअरच्या क्लच प्लेट्सची. ती नॉर्मल नाही.

दोन्ही ओळखायला तीन आकडे पुरतात: इंजिनचे फेरे, टर्बाइनचे फेरे आणि आउटपुट शाफ्टचे फेरे. समजा एखाद्या गिअरचं प्रमाण १.५ आहे. टर्बाइन १८०० आणि आउटपुट १२०० असेल तर प्लेट्स घट्ट धरून आहेत, मग इंजिन २३०० का असेना. आउटपुट १००० दिसला तर प्लेट्स घसरतायत. यासाठी गिअरबॉक्सचा डेटा वाचणारा स्कॅनर लागतो, साधं ब्लूटूथ डोंगल सगळ्या गाड्यांत पुरत नाही. आणि त्याआधी ऑईलची पातळी बघायची, कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच. ऑईल कमी असेल तर पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं आणि चांगल्या प्लेट्सही घसरतात. करपलेला वास आला तर प्लेट्स जळायला लागल्यात असं समजा.

मित्राच्या गाडीत ऑईल पुरेसं होतं, पण काळपट. आम्ही एक रविवार चढावर लॉग घेत घालवला. दोन गोष्टी दिसल्या.

एक, चढावर प्लेट्स नीट धरत होत्या, पण लॉक-अप टिकत नव्हता. टायर १० टक्के मोठे म्हणजे गिअरिंग तेवढंच उंच, आणि चाकंही जड. इंजिन गुदमरतं, लॉक-अप सुटतो, कन्व्हर्टर ऑईल घुसळत बसतो. त्यात पुढची हवा विंच आणि दिव्यांनी अडवलेली. ९० अंशांच्या आसपास राहायला हवं ते ऑईल १२० च्या पुढे गेलं. तापलेलं ऑईल पातळ होतं, गळतीने प्रेशर कमी होतं, मग प्लेट्स घसरतात आणि आणखी तापतात. दुष्टचक्र!

दोन (आणि इथे आपल्यातल्या प्रोग्रामरने कान टवकारावेत), ऑईल गार असतानाही पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की चौथ्यातून पाचव्यात जाताना प्लेट्स घसरत होत्या. कारण तो बॉक्स. असे बॉक्स बहुधा डिझेलच्या रेल प्रेशरचा आकडा मुद्दाम कमी दाखवतात. इंजिनचा कॉम्प्युटर फसतो आणि जास्त डिझेल सोडतो. पण तोच कॉम्प्युटर गिअरबॉक्सला टॉर्कचा अंदाजही कळवत असतो. तो अंदाज आता खऱ्यापेक्षा कमी. गिअरबॉक्स बिचारा त्या हिशेबाने प्लेट्सवर दाब देतो, आणि दाब कमी पडतो. लॉजिक बरोबर, इनपुट खोटं. असे बग आपण सगळ्यांनी बघितलेत.

बॉक्स काढला आणि ती स्लिप थांबली. नवं ऑईल आणि फिल्टर, वेगळा कूलर, दिवे टपावर. टायर त्याने ठेवले, पण नवीन मापाची नोंद कॉम्प्युटरमध्ये करून घेतली. गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही. प्लेट्सचं थोडं आयुष्य गेलंच असणार, ते परत येत नाही.

मधे एक नाजूक प्रसंग आला. "बॉक्स काढून ठेवतो आणि वॉरंटीत टाकतो, कुणाला कळतंय?" असं मित्र म्हणाला. मी कडाडून विरोध केला. नैतिकतेचं जाऊ द्या (खरं तर जाऊ देऊ नये). बॉक्स लपवला की मेकॅनिक चुकीच्या माहितीवर नवीन गिअरबॉक्स बसवणार, आणि घरी येऊन बॉक्स लावला की तोही जळणार. म्हणजे जे बॉक्सने गिअरबॉक्सशी केलं, तेच आपण मेकॅनिकशी करायचं! त्याने खरं सांगितलं, वॉरंटी नाकारली गेली. कंपनीचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मॉडिफिकेशनला माझा सरसकट विरोध नाही. पण प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बिघाड आला तर शेवटचा बदल आधी मागे घ्या. ऑफिसात रोज करतो तेच. गाडी सर्व्हिसला देताना ती यादी मेकॅनिकच्या हातात द्या. आणि त्याने ती न वाचताच गिअरबॉक्स उतरवायचं म्हटलं, तर गॅरेज बदला.