कायदा होण्याआधीं वाचावा

कायदा झाला म्हणजे त्याची नक्कल मागावयास कचेरींत गर्दी होते. तो होत असतां मात्र कोणी चौकशी करीत नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचे उमेदीचे दिवस गेले, व हाच प्रकार आम्हीं वारंवार पाहिला. ‘हें कलम कोणीं घातलें?’ असें शेतकरी विचारी, तेव्हां त्यावरील शाई केव्हांच वाळलेली असे.

यांत आम्ही स्वतःस वगळीत नाहीं. ता. ६ जुलै २०२१ रोजीं राज्य विधिमंडळांत शेतीविषयक तीन विधेयकें मांडण्यांत आलीं. केंद्रानें २०२० सालीं केलेल्या तीन कायद्यांत महाराष्ट्रापुरती दुरुस्ती करावी हा त्यांचा हेतु होता. तीं तत्काळ मंजूर न करितां लोकांच्या सूचनांसाठीं दोन महिने खुलीं ठेविलीं होतीं. शेतमाल घेऊन ७ दिवसांत पैसे न देणाऱ्या व्यापाऱ्यास ३ वर्षे कैद व ५ लाख रुपये दंड त्यांत सुचविला होता. उलट केंद्रीय कायद्यांत व्यापाऱ्याशीं तंटा झाल्यास दाद उपविभागीय अधिकाऱ्याकडे मागावयाची होती, व दिवाणी न्यायालयाचें दार बंद होतें. त्या कचेरींत प्रकरणें कशीं तुंबतात हें आम्हांस पाठ होतें. तेवढें तरी लिहून पाठवावयाचें! परंतु दिवस खुरपणीचे; आज लिहूं, उद्यां लिहूं म्हणतां म्हणतां पोळा आला व मुदत संपली.

पुढें १९ नोव्हेंबरला केंद्रीय कायदे मागें घेण्याची घोषणा झाली, आणि डिसेंबरांत राज्याचीं विधेयकेंहि मागें घेण्यांत आलीं. मूळ कायदेच गेल्यावर दुरुस्ती उरणार कशी, हें खरें. परंतु त्यांबरोबर ७ दिवसांच्या तरतुदीची चर्चाहि विझली. त्याच मोसमांत आमच्या शेजाऱ्याचे सोयाबीनचे पैसे एका खरेदीदाराकडे चार महिने अडकले होते. ती तरतूद चांगली कीं अपुरी, हें सांगणारे दोन शब्द आमच्या गांवांतून गेले नाहींत.

कोणी म्हणेल, आमच्या पत्रास विचारतो कोण? जुलै २०२४ मध्यें मांडलेलें विशेष जनसुरक्षा विधेयक पाहावें. त्यावर मोठा वाद झाला, तें संयुक्त समितीकडे गेलें, व १२ हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. विधेयक टळलें नाहीं. १० जुलै २०२५ रोजीं विधानसभेनें तें संमत केलें. तथापि समितींत त्याच्या शब्दांत बदल झाले. सर्व आक्षेप मिटले असें आम्ही म्हणत नाहीं. मसुदा म्हणजे शिलालेख नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें.

अधिवेशनांचा काल आपल्या सोयीचा नाहीं. पावसाळी अधिवेशन खुरपणींत येतें, हिवाळी अधिवेशन कापूसवेचणींत. सबब प्रत्येक गांवीं एका जाणत्यानें हें काम अंगावर घ्यावें. विधेयक राजपत्रांत मराठींत छापून येतें व विधिमंडळाच्या संकेतस्थळावरहि मिळतें. त्यांतील उद्देश व कारणें यांचें निवेदन आधीं वाचावें. मग दंड कोणास, दाद कोठें, मुदत किती व नियम करण्याचा अधिकार कोणाकडे, या चार गोष्टी शोधाव्या. हरकत असल्यास कलमाचा क्रमांक, त्यांतील शब्द व आपला शब्द असें एका पानावर लिहून समितीकडे व आपल्या आमदाराकडे पाठवावें. गेवराई, माजलगांव, बीड, आष्टी, केज व परळी मिळून जिल्ह्याचे सहा आमदार आहेत. प्रत्येकापुढें पन्नास पत्रें पडलीं तर तीं बाजूस सारणें सोपें नाहीं.

सातबाऱ्यावरील एक नोंद चुकली तर आपण तालुक्यास दहा खेपा घालतों. साऱ्यांच्याच सातबाऱ्यावर ज्याचा परिणाम व्हावयाचा, तो कागद तयार होत असतां एक खेप टपालपेटीपर्यंत घालावी, एवढीच वाचकबंधूंस विनंती.