नेत्रिकेवरचे दव

वाचकहो, या सदरात आपण बहुधा स्वयंपाकघर, परसदार आणि औषधांची पेटी यांच्या पलीकडे जात नाही. आज मात्र आपणांस जबलपूरच्या एका गच्चीवर यावयाचे आहे, आणि येताना अंगावर शाल घेण्यास विसरू नये. गोष्ट डिसेंबरातली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटर उंचीवरच्या या शहरात, नर्मदेच्या सान्निध्यात, त्या दिवसांत सूर्य मावळला की गारठा थेट हाडांपर्यंत पोहोचतो.

21 डिसेंबर 2020 च्या संध्याकाळी गुरू आणि शनी यांची युती होती. ही युती साधारण वीस वर्षांनी होतच असते. परंतु त्या दिवशी हे दोन ग्रह एकमेकांच्या इतके जवळ आले होते की, त्यांच्यातले अंतर चंद्रबिंबाच्या व्यासाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढे दिसत होते. इतक्या जवळची युती त्यापूर्वी 1623 साली झाली होती. पण ती सूर्याच्या फार निकट असल्याने सुखासुखी दिसण्याजोगी नव्हती. सहज दिसेल अशी त्याआधीची युती शोधावयाची तर 1226 सालापर्यंत मागे जावे लागते. अशीच पुढची युती आहे 15 मार्च 2080 रोजी. आमच्या आत्याबाईंना त्या वेळी ऐंशीवे वर्ष चालू होते. हिशेब कोणी उघड बोलून दाखविला नाही, तरी तो सर्वांच्या मनात होता.

आमच्याजवळ एक लहानशी परावर्ती दुर्बीण आहे. तिचा आरसा नळीच्या तळाशी असतो आणि पाहावयाचे ते वरच्या बाजूस, कडेला बसविलेल्या छोट्या भिंगांच्या नळकांड्यातून. इंग्रजीत ज्याला आयपीस म्हणतात, त्याला मराठीत ‘नेत्रिका’ हा सुंदर शब्द आहे. ग्रह मावळण्यापूर्वी हाती तास-दीड तासाचा अवधी होता. शेजारची मुले रांगेत उभी होती. ते महामारीचे वर्ष असल्याने सर्वांच्या तोंडावर मुखपट्ट्या होत्या. प्रत्येक जण नेत्रिकेवर वाकला, “अय्या!” म्हणाला आणि बाजूला झाला. सर्वांत शेवटी आत्याबाईंना खुर्चीवर बसवून नेत्रिका त्यांच्या डोळ्यासमोर आणली. त्यांनी बराच वेळ पाहिले.

“दिसले का, आत्या?”

“दिसले हो, छान दिसले,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

आमच्या आत्याबाई भाजीवालीला टोमॅटो कोणत्या गावचे हे विचारल्यावाचून पुढे जात नाहीत. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, तेव्हाच मला शंका आली. मी डोळा लावून पाहिला, तर नेत्रिकेत दुधाळ धुक्याखेरीज काही नव्हते. पुतण्याने मोठ्या तत्परतेने रुमालाने ती पुसली. धुके गेले, त्याच्या जागी तेलकट थर आला आणि एक बारीक ओरखडा उमटला, जो अद्याप आहे. तोवर ग्रह समोरच्या इमारतीआड गेले होते.

त्यानंतर या दवाने माझी पाठ सोडली नाही. प्रथम आपल्या भाषेचाच दोष काढावयास हवा. आपण म्हणतो ‘दव पडते’. शेजारीपाजारी हिंदीत ‘ओस गिरती है’ म्हणतात, आणि इंग्रजीतही दव पडतेच. वस्तुतः ते कोठूनही पडत नाही; जेथे दिसते तेथेच तयार होते. हवेत बाष्प असतेच. हवा जो जो थंड होते, तो तो तिची बाष्प सामावून घेण्याची शक्ती घटते आणि एका ठरावीक तपमानाला ती संपते. या तपमानाला शास्त्रीय मराठीत ‘दवबिंदू’ म्हणतात. भाषांतराचे काम करणाऱ्याला हा शब्द फार छळतो, कारण कवितेतला दवबिंदू गवताच्या पात्यावर चमकतो, तर शास्त्रातला दवबिंदू अंशांत मोजतात! हवा 10 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे 7 अंश येतो. याचा अर्थ, कोणतीही वस्तू हवेपेक्षा अवघी तीन-साडेतीन अंश अधिक गार झाली की तिच्यावर पाणी धरलेच.

परंतु हवेत ठेवलेली वस्तू हवेहूनही गार कशी होईल? हा प्रश्न लंडनचे एक वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी सोडविला. त्यांनी लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके रात्री बागेत ठेवले, काही एका फळीच्या वर आणि काही त्याच फळीच्या खाली. उघड्या आकाशाखालच्या पुंजक्याचे वजन आडोशाच्या पुंजक्यापेक्षा पुष्कळ अधिक वाढले. 1814 साली प्रसिद्ध केलेल्या दवावरील निबंधात त्यांनी दाखविले की, निरभ्र रात्री प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करीत असते. ती आधी गार होते आणि मग तिच्यावर दव धरते.

याचा पुरावा तर आपल्याच मुलुखात होता. जबलपूरहून रेल्वेने ईशान्येस गेले की प्रयागराज लागते. तेथे, म्हणजे तेव्हाच्या अलाहाबादेस, हिवाळ्यात बर्फ तयार करीत असत, आणि त्याची हकीकत सर रॉबर्ट बार्कर यांनी 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविली. मोकळ्या मैदानात सुमारे 30 फूट चौरस आणि 2 फूट खोल खड्डे खणीत. त्यांत उसाच्या किंवा मक्याच्या वाळक्या ताटांचा वीतभर थर पसरीत आणि त्यावर उथळ, पातळ, बिनझिलईच्या मातीच्या परळांच्या रांगा मांडीत. तिन्हीसांजेला त्यांत उकळून गार केलेले पाणी ओतीत; पहाटे सूर्योदयापूर्वी माणसे बर्फ गोळा करण्यास जात. आसपासच्या डबक्यांत किंवा हौदांत मात्र बर्फाचा मागमूस नसे! खालून ताटांमुळे जमिनीची ऊब अडविली जाई, परळांतले काही पाणी वाफ होऊन जाताना उष्णता नेई, आणि वर निरभ्र आकाश उरलेली उष्णता शोषून घेई. वेल्स यांनी आपल्या निबंधात या बर्फाचीही चर्चा केली आहे.

ज्या आकाशाने परळात बर्फ केला, त्याच्याकडेच आपली नेत्रिका काच उघडी टाकून बसलेली असते. त्यात आणखी भर आपली. आपला उच्छ्वास जवळजवळ पूर्ण ओला असतो आणि त्याचा दवबिंदू 30 अंशांच्याही वर असतो. तो थंड काचेला लागला की दुसरे काय होणार? मुखपट्टीने तर तो नेमका वर, डोळ्याच्या दिशेनेच ढकलला. म्हणजे आत्याबाईंच्या वाट्याचे धुके आकाशाने थोडे आणि रांगेतल्या आम्हीच अधिक केले होते.

आता उपाय. पहिला बिनखर्चाचा आहे. नेत्रिका दोन असाव्यात. एक दुर्बिणीवर, दुसरी दोन्ही बाजूंस झाकणे लावून कोटाच्या आतल्या खिशात. वापरातली धुरकटली की अदलाबदल करावी. झाकण न लावता खिशात ठेवाल तर लोकरीचे तंतू चिकटतील. पाहुण्यांना डोळा लावण्यापूर्वी श्वास सोडून क्षणभर थांबण्यास सांगावे. नेत्रिकेला रबरी डोळझाप असेल तर काढून टाकू नये, आणि पाहणे थांबले की लगेच झाकण लावावे. नेत्रिकांच्या डब्याजवळ टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी ठेवली तरी पुष्कळ काम भागते.

ज्यांच्या घरी हौशी विद्यार्थी आहे, त्यांनी विजेची ऊब करावी. ऊब फार लागत नाही. काच दवबिंदूच्या एक-दोन अंश वर राहिली की पुरे. 1000 ओहमचे 10 रोध समांतर जोडले की एकूण रोध 100 ओहम होतो आणि 12 व्होल्टच्या बॅटरीवर त्यातून सुमारे दीड वॅट उष्णता मिळते. ही माळ कापडी पट्टीत शिवून नेत्रिकेच्या धातूच्या अंगाभोवती बांधावी, जोड नीट झाकावेत आणि तारेत अर्ध्या अँपिअरचा फ्यूज घालावा. प्रवाह अवघा 0.12 अँपिअर असल्याने लहान बॅटरीही रात्रभर टिकते. केस वाळविण्याच्या यंत्राने धुके झटकन जाते हे खरे. पण गरम हवेच्या लहरींनी ग्रहाचे बिंब तव्यावरच्या वाफेसारखे थरथरते, आणि काच गार झाली की दव पुन्हा हजर.

पुसणे मात्र वर्ज्य समजावे. काचेवर बहुधा मॅग्नेशियम फ्लुओराइडसारख्या द्रव्याचा अतिशय पातळ लेप असतो आणि धुळीच्या एका कणाने त्यावर रेघ उमटते. धुके आपोआप उडू द्यावे. रात्री दुर्बीण घरात आणण्यापूर्वी, बाहेर असतानाच सर्व झाकणे लावावीत, नाही तर घरातले दमट बाष्प गार काचांवर धरते. ती घराच्या तपमानाला आली की झाकणे काढून सावलीत वाळवावे. उन्हात मुळीच नको. उघड्या दुर्बिणीत सूर्य शिरला तर आग लागू शकते.

डिसेंबर 2021 मध्ये शुक्र, शनी आणि गुरू संध्याकाळी नैर्ऋत्येस एका ओळीत दिसत होते. युती नव्हती, गर्दीही नव्हती. या वेळी आत्याबाईंना प्रथम बसविले. खिशातली ऊबदार नेत्रिका लावली आणि शनी मध्यभागी आणून मी बाजूला झालो.

थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “कडे आहे खरे. पण अरे, ते चिकटलेले आहे की सुटे?” मी सांगू लागलो, तोच दुसरा प्रश्न आला, “आणि शेजारी हा ठिपका कसला?”

तो शनीचा उपग्रह टायटन होता. रांगेतल्या मुलांना त्या संध्याकाळी पुष्कळ वेळ थांबावे लागले.