विसार देण्यापूर्वी

तुळशीचे लग्न अजून व्हायचे असते, पण मंगल कार्यालयांच्या दारी वधूपित्यांची रीघ गणपतीपूर्वीच लागते. पंचांगातले मुहूर्त मोजके, त्यातून सुट्टीच्या दिवशी येणारे त्याहून थोडे. तेव्हा त्या दिवसांचा भाव मालक सांगेल तोच, हे ओघानेच आले. परंतु खरी अडचण भावाची नाही. भाजीवाल्याने किडके वांगे दिले तर गृहिणी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीकडे वळते. कार्यालय मात्र माणूस आयुष्यात एकदोनदाच घेतो आणि मालक ते रोज देतो. चुकून शहाणे होण्याची सोय या व्यवहारात नाही. जी काही घासाघीस करायची ती विसार देईपर्यंतच. पावती हाती पडली की पारडे फिरले.

असे असूनही पाहणी होते ती एखाद्या निवांत दुपारी. व्यवस्थापक झुंबरे लावतो, रिकामे सभागृह प्रशस्त दिसते आणि मंडळी भारावून परततात. वास्तविक कार्यालय पाहावे ते तिथे दुसऱ्याचे कार्य चालू असताना, पहिली पंगत उठत असताना. हात धुण्याच्या नळांना तेव्हा पाणी असते काय, वीज गेल्यावर जनित्रावर पंखे फिरतात की नुसते बोहल्यावरचे दिवे लागतात, वृद्धांना जेवणासाठी जिना चढावा लागतो काय, हे सारे पंधरा मिनिटांत कळते. भटारखान्यात मात्र न विचारता डोकावू नये. विचारल्यावर नकार मिळाला तर तेही उत्तरच होय.

दराची गोष्ट अशीच फसवी. ताटाचा भाव पाचशे रुपये ऐकून हायसे वाटते. पण किमान तीनशे ताटांची हमी दिली आणि जेवायला दोनशे चाळीसच आले, तर न वाढलेल्या साठ ताटांचे तीस हजार गेले. एवढ्या रकमेसाठी सामान्य कारकुनाने किती महिने काटकसर केलेली असते! वीज, साफसफाई, सजावटीची सक्ती, बाहेरचा आचारी आणल्यास आकार आणि २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर, हे सारे त्या भावात धरले आहे की वेगळे, हे कागदावर लिहून घेतलेले बरे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ‘विसार परत मिळणार नाही’ या पावतीमागच्या बारीक ओळीचा अर्थ अनेक घरांना उमगला. ती ओळ म्हणजे कायद्याचा शेवटचा शब्द नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम वाजवी भरपाईपुरतेच देणे मान्य करते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्याय्य कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची वाट दिली. पण चाळीस हजारांसाठी तिथवर कोण जाणार? त्यापेक्षा तारीख बदलल्यास वा कार्य रद्द झाल्यास काय कापले जाईल, हे आधीच ठरवावे.

आणि ज्याविषयी कोणीच विचारत नाही, ती बाब आगीची. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका मंगल कार्यालयात शाळेचा समारंभ चालू असता मांडव पेटला. चारशेहून अधिक जीव गेले, त्यांत शेकडो मुले होती. २००४ च्या जानेवारीत तामिळनाडूतील श्रीरंगम् येथे लग्नाच्या मांडवाला आग लागून नवरदेवासह कितीतरी वऱ्हाडी दगावले. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दर जानेवारी व जुलैमध्ये घ्यावयाचा असतो. तो मागून पाहण्यात संकोच कसला? दाखल्यावरही विसंबू नये. चपला चोरीला जातात या सबबीवर बाजूच्या दारांना कुलूप घालण्याची रीत सर्वत्र आहे, आणि उरलेले दार पुष्कळदा फुलांच्या कमानीमागे दडलेले असते. ते उघडून दाखवण्यास व्यवस्थापकाला सांगावे. किल्लीसाठी माणसे धावू लागली, तर विसाराची रक्कम खिशातच राहू द्यावी.