धंतोलीची नोंद आणि संदर्भाचा प्रश्न

नागपूर, प्रतिनिधी – छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या विकिपीडियावरील मजकुरावरून फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रात वादंग उठले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सायबर पोलिसांना लक्ष घालण्याचे निर्देश दिले, मजकूर हटविण्यासाठी विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस गेली आणि काही संपादकांवर गुन्हेही दाखल झाले. या गदारोळात मूळ मुद्दा मात्र मागे पडला. विकिपीडियावरील विधान टिकते वा पडते ते त्याच्या संदर्भावर. वा. सी. बेंद्रे यांचे १९६० मधील संभाजी-चरित्र किंवा डॉ. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' हा ग्रंथ मराठीत उपलब्ध आहे. त्यांतील पृष्ठांचे दाखले देऊन लेखातील विधानाचा प्रतिवाद करण्याचे काम नोटिशीने साधत नाही. ते लिहिणाऱ्यालाच करावे लागते.

इतिहासपुरुषाच्या चरित्राला लागू होणारा हा नियम एखाद्या वस्तीच्या चार ओळींच्या नोंदीलाही लागू होतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर कोणालाही लिहिता येते. धंतोलीत हयात घालविलेल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने आपल्या वस्तीची माहिती उत्साहाने लिहिली, तर दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे 'संदर्भ हवा' असा शेरा दिसण्याचा, प्रसंगी मजकूरच गाळला जाण्याचा संभव असतो. 'साठ वर्षे येथे राहतो, मला पुरावा कसला मागता?' ही त्याची प्रतिक्रिया स्वाभाविक म्हणावी लागेल. अनेक नवागतांचा उत्साह येथेच मावळतो. परंतु ज्ञानकोशाचा वाचक लिहिणाऱ्याला ओळखत नाही. त्याला विधान स्वतः पडताळून पाहता आले पाहिजे, एवढीच या नियमामागील अपेक्षा आहे.

संदर्भ देणे म्हणजे ओळीखाली एखादा दुवा चिकटविणे, असाही एक समज आढळतो. धंतोलीचेच उदाहरण पाहता त्यातील फोलपणा लक्षात येतो. धंतोली ही सीताबर्डीलगतची जुनी वस्ती आहे, तसेच नागपूर महापालिकेच्या दहा झोनपैकी एका झोनचेही ते नाव आहे. झोनची लोकसंख्या वस्तीच्या नोंदीत घातली, तर संदर्भ अस्सल असूनही विधान चुकीचे ठरते. येथील रामकृष्ण मठाच्या स्थापनेचे वर्ष मठाच्या प्रकाशनावरून देता येईल. त्याच्या कार्याचे मूल्यमापन मात्र त्रयस्थ अभ्यासकाच्या लेखनातून यावयास हवे. रुग्णालयांनाही हाच न्याय लावावा लागतो. खाटांची संख्या रुग्णालयाच्या संकेतस्थळावरून घेता येईल, 'मध्य भारतातील अग्रगण्य' ही बिरुदावली तेथून उचलता येणार नाही. धंतोलीतील रुग्णालयांची दाटी आणि वाहनतळाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. न्यायालयाने नेमके काय म्हटले, हे सांगण्यास आदेशाची प्रत पुरेशी आहे. पण त्या आदेशाचा वस्तीवर काय परिणाम झाला, हे सांगण्यासाठी वृत्तपत्रांतील वृत्तांत व विश्लेषण शोधावे लागेल.

संदर्भ इंटरनेटवरच असला पाहिजे, तोही इंग्रजीतच, हा दुसरा गैरसमज. विकिपीडियाचे धोरण तसे सांगत नाही. ग्रंथाचा लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ नोंदविले की छापील पुस्तक चालते. वृत्तपत्राचे नाव, तारीख व पान क्रमांक दिला की जुने कात्रणही चालते. त्यातही 'नागपूर आवृत्ती' हा उल्लेख अत्यावश्यक ठरतो, कारण त्याच दैनिकाच्या मुंबई आवृत्तीत ती बातमी असेलच असे नाही. नागपूर जिल्ह्याचे १९०८ मधील इंग्रजी गॅझेटियर आणि राज्य शासनाने १९६६ मध्ये काढलेले नवे गॅझेटियर ग्रंथालयांतून पाहावयास मिळते. या शहराला ज्ञानकोशाचे वावडे नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मंडळ स्थापन केले ते नागपुरातच. काम पुढे पुण्यास गेले आणि २३ खंडांनी पूर्णत्वास पोहोचले.

कोणता संदर्भ टाळावा, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मोबाइलवर फिरणारे संदेश आणि वैयक्तिक अनुदिन्या त्याज्य मानल्या जातात. गौरव समारंभांतील स्मरणिका जपूनच वापराव्या लागतात. याहून मोठा धोका घाईने लिहिलेल्या बातम्यांचा असतो. विकिपीडियावरील विनासंदर्भ वाक्य वार्ताहर बातमीत उचलतो, आणि काही महिन्यांनी तीच बातमी त्या वाक्याचा पुरावा म्हणून पुन्हा विकिपीडियावर दाखल होते. अशा रीतीने चूक स्वतःच स्वतःची साक्षीदार बनते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणाही याच मजकुरावर पोसल्या जात असल्याने तिचा प्रसार अधिकच वेगाने होतो.

जबाबदारी केवळ नवागतावर टाकून भागणार नाही. शेरा मारण्यास एक क्षण लागतो. लेखाच्या चर्चा पानावर 'हे विधान कोणत्या पुस्तकात सापडेल' हे दोन ओळींत सुचविण्यास पाच मिनिटे लागतात. मराठी विकिपीडियावर सरावासाठी 'धूळपाटी' आहे, शंका विचारण्यास 'चावडी' आहे. जाणत्या संपादकांनी नव्याला तेथवर हात धरून नेले आणि त्याच्याकडून एकच संदर्भ नीट नोंदवून घेतला, तर पुढचे दहा तो स्वतःहून देईल.

विदर्भाविषयीची कितीतरी माहिती ग्रंथालयांतील नियतकालिकांच्या फायलींत, संस्थांच्या अहवालांत आणि ज्येष्ठांच्या स्मरणात पडून आहे. आठवण माणसाबरोबर जाते. त्या आठवणीला दुजोरा देणारे फायलीतील पान तारखेसह नोंदवले गेले, तर धंतोलीच्या त्या शिक्षकाने लिहिलेली ओळ त्याच्या पश्चातही कोणाला गाळता येणार नाही.