‘रायपेरियन’चे कूळ

संपादक महाशय,

नदीकाठच्या जमिनीस लावल्या जाणाऱ्या ‘रायपेरियन’ या इंग्रजी विशेषणाचा उगम ‘रिव्हर’ या शब्दात आहे, असे जे विधान गतांकातील लेखात निःशंकपणे केले आहे, ते साफ उलटे आहे. लॅटिनमध्ये ‘रिपा’ म्हणजे काठ. त्यापासून ‘रिपारिउस’, म्हणजे काठावरचा, आणि त्यास प्रत्यय लागून एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत रूढ झालेला हा कायदेपंडितांचा शब्द. ‘रिव्हर’देखील त्याच ‘रिपा’च्या वंशातला असून जुन्या फ्रेंचमार्गे आला, तेव्हा नदीने आपले नाव काठाकडून घेतले, काठाने नदीकडून नव्हे.

‘रायव्हल’ हा शब्द मात्र लेखकांनी या कुटुंबात विनाकारण घुसडला आहे. त्याचे मूळ ‘रिवुस’, म्हणजे ओहोळ. एकाच पाटाचे पाणी घेणारे ते ‘रिवालेस’, असा खुलासा रोमन विधिज्ञ उल्पियन याने केलेला आहे. उच्चारसाम्य आहे, इतके मान्य; परंतु उच्चारसाम्यावर वारसाहक्क सिद्ध होत नाही.

राहता राहिला काठाच्या हद्दीचा मुद्दा. उन्हाळ्यात पाणी जेथवर उरते तेथवर काठ, ही लेखकांची व्याख्या एखाद्या मोजणीदाराला सोयीची वाटेल. पण नदी दुथडी भरून वाहत असता तिला जो आवरून धरतो तोच काठ, असे पाउलुस या रोमन न्यायपंडिताचे मत युस्तिनियनच्या ‘डायजेस्ट’मध्ये नमूद आहे. दस्तऐवजात चतुःसीमा लिहिताना या दोहोंत कित्येक बिघ्यांचा फरक पडतो.

कळावे.

आपला,
एक वर्गणीदार