फिरता फिरता : टस्कनी, आणि काशीने बागेतले महाराज

मंडळी, गेल्या अंकात रोम आटोपलं. या वेळी टस्कनी. आपल्याकडच्या बऱ्याच सहलींत या प्रांताला एकच दिवस मिळतो. सकाळी पिसा, झुकत्या मनोऱ्याला हात लावल्याचा फोटो, दुपारी फ्लॉरेन्स, चौकात तासभर मोकळा वेळ आणि परत बस. आम्ही तिघं (मी, हे आणि आर्किटेक्चर शिकणारी माझी भाची) एकाच शहरात खोली घेऊन आठ दिवस राहिलो आणि तिथूनच आगगाडीने, बसने आजूबाजूची गावं केली. खर्च सहलीपेक्षा फार वाढला नाही. सामान रोज बांधायचं नाही, हा फायदा वेगळाच.

आधी पिसा संपवून टाकते. मनोऱ्याचं काम 1173 मध्ये सुरू झालं आणि तो पुरा व्हायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. खालची माती मऊ, त्यामुळे बांधतानाच कलला. 1990 मध्ये तो लोकांसाठी बंद केला. मग उत्तरेकडच्या पायाखालची माती थोडी थोडी काढत इंजिनियरांनी त्याला चाळीसेक सेंटीमीटर मागे आणलं आणि 2001 मध्ये पुन्हा उघडला. पूर्ण सरळ केला असता तर बघायला कोण आलं असतं, हा ह्यांचा प्रश्न. मनोरा, कॅथेड्रल, बाप्तिस्मागृह सगळं एकाच हिरवळीवर आहे, अर्ध्या दिवसात होतं. दुपारनंतर गाडीने लुक्काला जा. गावाभोवतीचा सुमारे चार किलोमीटरचा तट शाबूत आहे आणि इतका रुंद, की त्यावर झाडं लावलीत, लोक सायकली चालवतात. आत एक लंबगोल चौक आहे. तिथल्या रोमन रंगमंडलाच्या पायावरच लोकांनी घरं बांधली, म्हणून चौकाचा आकार तसा राहिला.

आता फ्लॉरेन्स. कॅथेड्रलचा घुमट ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात उभा केला. एवढी मोठी कमान बांधताना खालून लाकडी साचा लावायची पद्धत होती, पण या उंचीला आणि रुंदीला साचा करणं परवडणारं नव्हतं. त्याने एकात एक असे दोन घुमट केले आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या गुंफत नेल्या, म्हणजे ओला थर घसरणार नाही. वर जायला 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. ह्यांच्या गुडघ्यांनी खालीच बाक धरला. भाचीबरोबर मी चढले. दोन घुमटांच्या मधल्या अरुंद वाटेवरून जाताना त्या तिरक्या विटा अगदी हाताशी येतात. "मावशी, आम्हाला हे चार वर्षं फळ्यावर शिकवलं," एवढंच म्हणाली ती, आणि मग बराच वेळ जागची हललीच नाही. मागचे लोक खोळंबले, तेव्हा मी तिला पुढे ढकललं.

उफीझी या शब्दाचा अर्थ आहे कचेऱ्या. मेदिची घराण्याच्या पहिल्या कोसिमोसाठी वसारीने 1560 मध्ये सरकारी कचेऱ्यांची इमारत बांधायला घेतली, तीच ही. आत काय काय आहे ते गाइड सांगतीलच. मला सांगायचंय ते हे सगळं तिथे राहिलं कसं याबद्दल. मेदिची घराण्यात पुरुष वारस उरला नाही आणि राज्य परक्या घराण्याकडे जाणार हे ठरलं, तेव्हा शेवटची वारस आना मारिया लुइझा हिने 1737 मध्ये एक करार केला. चित्रं, पुतळे, पुस्तकं, जडजवाहीर सगळं नव्या राजाला मिळेल, पण त्यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर न्यायची नाही. कारणंही कागदावर घातली: राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशी माणसांचं कुतूहल. म्हणजे आपण तिकीट काढून रांगेत उभे राहणार, हे त्या बाईने पावणेतीनशे वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. आपल्याकडच्या किती संस्थानांचे जामदारखाने वाटण्यांत आणि लिलावांत पांगले ते आठवा. कमाटीबागेतलं म्युझियम आपल्याला जन्मापासून फुकटात मिळालेलं, म्हणून आपण तिकडे फिरकत नाही, ही गोष्ट वेगळी.

तिथे गेल्यावर भिंतींकडेही लक्ष ठेवा. शहरात ठिकठिकाणी डोक्यावर पाणी चढल्याच्या खुणा आणि 4 नोव्हेंबर 1966 ही तारीख दिसते. आर्नो नदी त्या दिवशी गावात घुसली. सांता क्रोचे चर्चमधला चिमाबुएचा मोठा क्रूस पाण्यात सापडला आणि त्यावरचा बराचसा रंग गेला. तो पुन्हा रंगवून नवा केलेला नाही. गेलेल्या जागा गेलेल्याच दिसतात. चिखलातून पुस्तकं आणि चित्रं काढायला देशोदेशींची तरुण मुलं आली, त्यांना तिथे 'चिखलातले देवदूत' म्हणतात.

आणि त्याच नदीच्या काठी आपले महाराज आहेत.

शहराच्या पश्चिमेला नदीलगत एक लांबलचक बाग आहे, तिचं नाव काशीने. काशीशी संबंध नाही हो, तिथे पूर्वी मेदिचींचे गोठे होते, त्यावरून हे नाव. बागेच्या अगदी शेवटच्या टोकाला, मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते तिथे, कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज यांची छत्री आहे. 1870 मध्ये ते विलायतेला गेले. व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, शाळा, कारखाने पाहून झाले, रोज इंग्रजीत डायरी लिहिली. परत येताना फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला गेले. वय वीस. माझ्या भाचीएवढं.

इटलीत तेव्हा दहनाची पद्धत नव्हती, परवानगीही नव्हती. बरोबरच्या लोकांचा आग्रह, की विधी आपल्या पद्धतीनेच आणि नदीच्या संगमावरच व्हायला हवा. शेवटी खास परवानगी मिळाली, रात्रीच्या अंधारात चिता पेटली आणि गावातले लोक हा प्रकार पाहायला जमले. चार वर्षांनी, 1874 मध्ये, तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. बडोदेकरांनो, नाव ओळखीचं वाटलं का? लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा ज्यांनी केला तेच हे मँट. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. लहानपणापासून ज्याच्या कमानी बघत मोठे झालो, त्याच माणसाच्या हातची छत्री आर्नोच्या काठी, आत पागोटं घातलेला कोवळा चेहरा. मी निघताना घरून हळदकुंकवाची पुडी नेली होती, पण भोवती कुंपण आहे. बाहेरूनच हात जोडले.

तिथले लोक या छत्रीला नुसतं 'इंडियानो' म्हणतात, म्हणजे भारतीय. जवळचा मोठा पूल 1970च्या दशकात झाला, त्यालाही तेच नाव मिळालं. रोज त्यावरून जाणाऱ्या हजारो लोकांना तो भारतीय कोण, कुठला हे ठाऊक असेल असं मला वाटत नाही. कोल्हापूर तर राहू दे, ह्यांनासुद्धा मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, आणि ह्यांचं आजोळ कोल्हापूर. बागेच्या या टोकापर्यंत ट्राम जात नाही. दोन-तीन किलोमीटर चालायची तयारी ठेवा, किंवा सायकल घ्या.

गोव्याच्या वाचकांनी रागावू नये, त्यांचाही धागा इथे आहेच. जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी ज्या रंगीत दगडांच्या चौथऱ्यावर आहे, तो चौथरा फ्लॉरेन्सचा. तिसऱ्या कोसिमोने तो भेट दिला, फोज्जिनी या शिल्पकाराने केला आणि जहाजाने आणून 1698 मध्ये तिथे जोडला. पेटी मात्र गोव्याच्याच कारागिरांची. फ्लॉरेन्समध्ये दगडांच्या जडावकामाचं एक छोटं म्युझियम आहे, ओपिफीचो. गर्दी नसते. ते पाहिल्यावर गोव्यातला तो चौथरा कसा घडला असेल ते नीट कळतं. याच शहराचा एक व्यापारी, फिलिप्पो सासेत्ती, त्याच्याही शंभर वर्षं आधी आपल्या किनाऱ्यावर आला आणि 1588 मध्ये गोव्यात वारला. संस्कृत आणि इटालियन शब्द सारखे आहेत हे त्याने घरी पत्रांतून कळवलं होतं. सप्त आणि सेत्ते, नव आणि नोवे, सर्प आणि सेर्पे. बाजारात फळं मोजून घेताना मला याचा चांगला उपयोग झाला.

सिएनाला एक दिवस द्याच. तिथल्या नगरपालिकेच्या जुन्या वाड्यात, नऊ कारभारी जिथे बसत त्या दालनात, लोरेन्झेत्तीने 1338-39 मध्ये भिंतींवर चांगला कारभार आणि वाईट कारभार रंगवला आहे. एका बाजूला उघडी दुकानं, वर चाललेलं घरबांधणीचं काम, वेशीबाहेर पिकलेली शेतं. दुसरीकडे शिंगं असलेला जुलमी राजा आणि त्याच्या पायाशी बांधून ठेवलेली न्यायदेवता. कारभाऱ्यांनी मान वर केली की हे समोर. त्यानंतर दहा वर्षांतच, 1348 मध्ये, प्लेग आला. कॅथेड्रल दुपटीने वाढवायचं चाललं होतं, ते थांबलं ते कायमचं. त्या अर्धवट कामाची एकटी भिंत आजही उभी आहे, शेजारच्या म्युझियममधून तिच्या माथ्यावर जाता येतं. माझ्या मते टस्कनीतलं सगळ्यात चांगलं दृश्य तिथून दिसतं, फ्लॉरेन्सच्या घुमटावरूनसुद्धा नाही.

थोडं कामाचं. उफीझी आणि डेव्हिडचा पुतळा असलेलं अकादेमिया सोमवारी बंद असतं. दोन्हीकडची तिकिटं घरूनच काढा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, ओढणी जवळ असली की झालं. लोकल गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. तिथला पाव अळणी असतो. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं मीठ विसरले, पण पद्धतच ती. शिळ्या पावाचं टोमॅटो घालून 'पाप्पा अल पोमोदोरो' करतात. भाचीने दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाली, मावशी, हा तर आजीचा कुस्कराच, फक्त फोडणी राहिली.

पुढच्या अंकात उम्ब्रिया.