निरोप घेणारे आणि निरोप देणाऱ्या

आपल्या अभ्यासशिबिरांतून मौलाना अबुल कलाम आझादांची एक हकीकत वर्षानुवर्षे सांगितली जाते. १९४३ च्या एप्रिलमध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध असताना, पत्नी मृत्युशय्येवर असल्याचे कळूनही त्यांनी इंग्रज सरकारकडे कोणतीही सवलत मागितली नाही, ही ती हकीकत. वक्ता येथे थांबतो, श्रोते स्तब्ध होतात आणि त्यागाचा धडा पुरा होतो. माझी तक्रार अशी की, ही हकीकत अर्धी आहे. उरलेली अर्धी खुद्द आझादांनीच लिहून ठेवली असल्यामुळे ती गाळण्यास आपल्यापाशी काही सबबही नाही.

आम्हा केडगावकरांना हा किल्ला जवळचा. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण किल्ला आमच्या बोलण्यात नगरचाच राहिला आहे. पंडित नेहरूंनी 'भारताचा शोध' १९४४ साली तेथे लिहिला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. 'गुबार-ए-खातिर' हा आझादांचा उर्दू पत्रसंग्रहही तेथलाच, हे मात्र शिक्षकांनाही क्वचित माहीत असते. नवाब सदर यार जंग हबीबुर रहमान खाँ शेरवानी या स्नेह्यास उद्देशून लिहिलेली ही पत्रे तुरुंगातून कधी टपालात पडली नाहीत. १९४६ साली ती पुस्तकरूपाने निघाली. त्यांत पहाटेच्या चहाची रसिक चर्चा आहे, खोलीत घरटे करू पाहणाऱ्या चिमण्यांशी झालेले युद्ध आणि तह आहे, आणि मध्येच ११ एप्रिल १९४३ चे पत्र आहे.

३ ऑगस्ट १९४२ रोजी आझाद मुंबईच्या बैठकीसाठी कलकत्त्याहून निघाले. झुलेखा बेगम दारापर्यंत आल्या. काही नवे घडले नाही तर तेरा तारखेपर्यंत परतेन, असे आझाद म्हणाले. बेगमांनी 'खुदा हाफिज' यापलीकडे शब्द उच्चारला नाही. डोळे कोरडे होते, चेहरा मात्र रडवेला झाला होता. ९ ऑगस्टला पहाटे अटक झाली. पुढल्या मार्चमध्ये दुखणे विकोपाला गेल्याची बातमी किल्ल्यात पोहोचली. सरकारला काही कळवायचे असल्यास कळवितो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले. आझादांनी नकार दिला. नेहरूंनी विषय काढला, त्यांनाही तेच उत्तर मिळाले. ९ एप्रिलला बेगम गेल्या आणि छत्तीस वर्षांचा संसार संपला.

शिबिरातील वक्ता जेथे थांबतो, तेथे आझाद थांबत नाहीत. वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याची पावले वाजू लागली की आपले काळीज धडधडू लागे, आणि तरीही आपण दाराकडे पाठ करून, काहीच न घडल्यासारखे लिहीत बसत असू, असे ते सांगतात. दिनक्रमात तसूभर फरक पडू न देण्याचा तो सारा खटाटोप म्हणजे एक देखावा होता आणि मनातला अहंकार तो वठवीत होता, अशी कबुली ते देतात. ज्या धीरोदात्त मूर्तीला आपण हार घालतो, ती घडविणाऱ्यानेच फोडली आहे. मला तर त्यांचा मोठेपणा नकारात जितका दिसतो, तितकाच या कबुलीत दिसतो.

किल्ल्याच्या आवारात कोणा अनामिकाची एक जुनी कबर होती. आठ महिने नजरेसमोर असलेल्या त्या कबरीविषयी आझादांना आता प्रथमच आपुलकी वाटू लागली, आणि त्यांना सातव्या शतकातील अरब कवी मुतम्मिम बिन नुवैरा आठवला. मुतम्मिमचा भाऊ मालिक युद्धाच्या धामधुमीत मारला गेला होता. दिसेल त्या कबरीपाशी रडतोस कशाला, असे सोबत्याने हटकले, तेव्हा मला प्रत्येक कबर मालिकचीच वाटते, असे त्याने सांगितले. विसाव्या शतकातील एका पक्षाध्यक्षाला स्वतःचे दुःख उच्चारण्यासाठी तेराशे वर्षांपूर्वीच्या विलापाचा हात धरावा लागला. अभिजात वाङ्मय कशासाठी वाचावे, असे विचारणाऱ्या आपल्या तरुण कार्यकर्त्यांना मी या पत्राकडे बोट दाखवितो.

परंतु त्याच अभिजात वाङ्मयाकडे माझे एक गाऱ्हाणेही आहे. मराठीत 'निरोप' या शब्दाला दोन अर्थ आहेत: जाताना घ्यावयाचा तो आणि दुसऱ्याकडे पाठवावयाचा तो. वाङ्मयात हे दोन्ही निरोप बहुधा जाणाऱ्याचे असतात. कालिदासाचा यक्ष रामगिरीवरून मेघाकरवी प्रदीर्घ संदेश धाडतो. अलकेतील यक्षिणीचे उत्तर काव्यात येत नाही. भासाच्या 'ऊरुभंगा'त मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनाच्या मांडीवर बसण्याचा हट्ट त्याचा लहानगा दुर्जय धरतो. तो प्रसंग आजही अंगावर काटा आणतो; पण तेथेही दुर्योधन आपल्या राण्यांना रडू नका म्हणूनच सांगतो. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) चक्रधर मुंबईच्या धक्क्यावर उतरतो. देशोधडीला लागलेल्या ज्यू हॅर्टाला उतरण्याची मुभा नसते. बोट तिला पुढे घेऊन जाते आणि ती समुद्र जवळ करते. मराठी कादंबरीत युद्ध, प्रेम आणि ताटातूट यांची गाठ इतकी घट्ट क्वचितच पडली असेल. तरीही मागे उरण्याचा आणि आठवण्याचा अधिकार त्याचाच.

उंबरठ्याच्या आतला आवाज ऐकावयाचा तर शेवगावापलीकडे गोदावरी ओलांडून प्रतिष्ठानला, म्हणजे आजच्या पैठणला जावे लागते. हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'त परगावी गेलेल्याच्या वाटेकडे डोळे लावून, भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजणारी स्त्री आहे. तीच स्त्री पुढे जात्यापाशी बसलेली सापडते. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये या ओव्या गोळा केल्या, हे काम त्यांच्या कथाकादंबऱ्यांहून कमी मोलाचे नाही. किंबहुना मी ते अधिक मोलाचे मानतो.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. मला हा प्रश्न हिशेबाचाही वाटतो. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांच्या घरात हिंदी सैनिक भरती झाले. आपल्याच जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव इटलीत सेनिओ नदीकाठी लढले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. तारीख ९ एप्रिल १९४५. बेगम झुलेखांच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर दोन वर्षे झाली होती. जाधवांच्या शौर्याची नोंद सरकारी कागदात मिनिटामिनिटाची आहे, आणि ती असावीच. पण गडी माणूस पलटणीत गेल्यावर ज्या घरांनी कोरडवाहू जमीन कसली, दळण दळले, म्हाताऱ्यांची दुखणी काढली, त्यांचे श्रम कोणत्याही खात्यावर पडले नाहीत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजमापात घरातील बिनमजुरीचे काम आजही धरले जात नाही. रणांगणावर वा तुरुंगात जाणाऱ्या प्रत्येकाला घर एक अनुदान देत असते. साम्राज्याने ते युद्धासाठी वापरले. आपल्या चळवळीने स्वातंत्र्यासाठी. उद्देशातील फरक जमीनअस्मानाचा आहे, परंतु हिशेब दोघांनीही ठेवला नाही.

आझादांचा नकार चुकीचा होता, असे मला म्हणावयाचे नाही. हजारो कार्यकर्ते गजाआड असताना अध्यक्षाने सवलत मागणे शोभले नसते. माझा आक्षेप ती कथा सांगण्याच्या आपल्या रीतीला आहे. १९२२ साली आझादांना एक वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा याच झुलेखा बेगमांनी गांधीजींना कळविले होते की, शिक्षा अपेक्षेहून फारच हलकी आहे आणि यांचे काम आता मी पाहीन. ज्या बाईला राजकारण इतके स्वच्छ कळत होते, तिला आपण दारात उभी राहणारी एक मुकी आकृती करून टाकले. त्यागाच्या कथेत त्याग करणारी माणसे दोन होती. आपण एकच मोजले.

समाजवाद्यांना हे १९४२ पुरते बाजूला सारता येणार नाही. १९७५ ते १९७७ या आणीबाणीत मधु दंडवते बंगळूरच्या आणि प्रमिला दंडवते येरवड्याच्या तुरुंगात होत्या. तेथे निरोप घेणारी दोघेही होती, आणि दोघांची पत्रे एकमेकांकडे जात होती. पण ज्यांचा नवराच तेवढा मिसाखाली आत गेला, अशा अनेकजणी तालुक्यातालुक्यांत होत्या. त्यांतल्या हयात असलेल्या आज सत्तरी-ऐंशीत आहेत. स्थानबद्धांच्या आठवणींची पुस्तके निघाली, सत्कार झाले. सत्कारात या बाईंना शेजारच्या खुर्चीवर बसवून नारळ दिला गेला.

जिल्हा शाखांनी या वर्षी स्मरणिका काढण्याऐवजी वह्या घेऊन या घरी जावे, अशी माझी सूचना आहे. भावना विचारू नयेत; त्या आपोआप येतील. विचारावे ते असे: पगार थांबला तेव्हा पहिल्या महिन्यात काय विकले? वाण्याने उधारी किती दिवस दिली? मुलांची फी कोणी भरली? भेटीला जाण्याचे एस.टी.चे भाडे कोठून आले? पक्षाचे कोण दारात आले, आणि कोण आले नाही? पोलीस घेऊन जात असताना तुम्ही काय बोललात, आणि काय बोलावयाचे राहून गेले?